विवाल्दीचं मॅग्निफिकॅट (आरव्ही ६१०) : २४ गायक, ६ तंतुवादक, १३ आठवडे

९ जून २०२४

आजपासून नोंदी. सायंप्रार्थनेत गायचं मरियेचं स्तोत्र, म्हणजे ‘मॅग्निफिकॅट’, अंतोनिओ विवाल्दीच्या जी मायनरमधल्या रचनेत बसवायचं आहे (शीर्षकातलं ‘आरव्ही’ म्हणजे त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक). ठरलेला दिवस ८ सप्टेंबर, मरियेच्या जन्माचा सण. वसई पट्ट्यातल्या, किंवा त्याच आकाराच्या दुसऱ्या कोणत्याही चर्चच्या गायकवृंदाला हे करायचं असेल तर वेळ कुठे जातो हे आधी कळावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहोत.

हीच रचना का? बाखचं मॅग्निफिकॅट पाच आवाजांचं आहे, त्यात तीन ट्रंपेट, टिंपनी, बासऱ्या आणि ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) लागतात. ते आपल्या आवाक्यातलं नाही. विवाल्दीचं चार आवाजांत, तंतुवाद्यांवर उभं राहतं. नऊ छोटे भाग, सगळे मिळून साधारण १६ मिनिटं. ओबो दोन आहेत, पण त्यांचं खरं काम एकाच भागात आहे.

संख्या, सर्वांत उंच आवाजापासून सर्वांत खालच्यापर्यंत : सोप्रानो ९, आल्टो ८, टेनर २, बेस ५. टेनरची अडचण पहिल्याच दिवशी समोर आली. दोन टेनर पाच बेसपुढे ऐकू येत नाहीत. खालचा आवाज चांगला असलेल्या दोन आल्टोंना टेनरच्या ओळीत बसवलं, आता ९-६-४-५. ही काटकसर आहे, पण रचनेशी बेइमानी नाही. विवाल्दी १७०३ पासून व्हेनिसच्या ओस्पेदाले देल्ला पिएता या अनाथालयात शिकवत होता. तिथल्या मुली आणि स्त्रियाच सगळं गायच्या. टेनर आणि बेस गाणाऱ्या स्त्रियांची नावंही तिथल्या कागदपत्रांत आहेत.

१६ जून

स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन) वाचणारे २४ पैकी ९. त्यातले बहुतेक गोव्याकडच्या घरांतले, जिथे पारोकियाल म्हणजे चर्चच्या शाळेतल्या मेस्तांकडून (संगीतशिक्षकांकडून) सॉल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकायची रीत पिढ्यांपासून होती. बाकीचे कानाने शिकतात. त्यांच्यासाठी लॅटिन शब्द देवनागरीत लिहून काढले. हे काम एका संध्याकाळचं वाटलं होतं, तीन संध्याकाळी गेल्या. आणि पहिला छापा चुकला.

काय चुकलं ते सविस्तर लिहितो, कारण ही चूक प्रत्येक मराठी गट करेल.

एक. इंग्रजी शाळेच्या सवयीने ‘एट’, ‘स्पिरिटुस’ लिहिलं. लॅटिनमधला त आणि द दंत्य आहे, आपल्या ‘तबला’ आणि ‘दार’मधला. ‘एत’, ‘स्पिरितुस’. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा उच्चार महिनोन्‌महिने घोटावा लागतो, आपल्याला तो आयता मिळालेला आहे. ट-ड लिहून तो घालवू नका.

दोन. मराठीत च दोन आणि ज दोन. ‘फेचित’मधला च ‘चिमणी’चा. ‘पोतेन्तिआम’मधला ति म्हणजे ‘चमचा’तला च. कागदावर दोन्हीकडे नुसता च छापला, त्यामुळे निम्मे एक गात होते आणि निम्मे दुसरा. तीच गत ज ची : ‘जेनेरात्सिओनेस’चा ज ‘जीवन’मधला, ‘एजुरिएन्तेस’चा ‘जहाज’मधला. उपाय सोपा निघाला. ‘चमचा’ आणि ‘जहाज’ या उच्चारांच्या अक्षराखाली टिंब : ‘पोतेन्च़िआम’, ‘जेनेराच़िओनेस’, ‘एज़ुरिएन्तेस’. टिंब पाहिलं की जीभ दाताला. पाच मिनिटांत सगळ्यांना समजलं.

तीन. जोडस्वर. ‘मेआ’चं ‘मेया’, ‘क्विआ’चं ‘क्विया’ होतं. मध्ये य येऊ द्यायचा नाही. ‘सुउम’मध्ये दोन उ वेगळे ऐकू यायला हवेत.

चार. शेवटचा त. ‘मान्यिफिकात’ लिहिलं की काही जण शेवटी पुसटसा अ लावतात. हलन्त चिन्ह देऊन ‘मान्यिफिकात्’ केलं.

ह चा उच्चार नाही, म्हणून ‘उमिलितातेम’. ‘मिही’ मात्र इटालियन चर्चच्या पद्धतीत ‘मिकि’. ‘सुस्चेपित’ नव्हे, ‘सुशेपित’.

२३ जून

दोन तास वाया. गायकांच्या प्रतीत मात्रागट (बार) प्रत्येक भागात १ पासून मोजलेले, तंतुवाद्यांच्या प्रतींत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग. ‘मात्रागट २२ पासून घ्या’ म्हटलं की कीबोर्डवाला एका भागात आणि गायक दुसऱ्या.

त्याहून मोठी गफलत : उतरवून घेतलेल्या वाद्यप्रतींपैकी व्हायोलाची प्रत आरव्ही ६१०ची नव्हतीच. या एका रचनेचे चार अवतार आहेत. पिएतासाठीचं मूळ रूप ६१०बी, मग ओबो घातलेलं ६१०, दोन वृंदांत वाटलेलं ६१०ए, आणि पिएतातल्या गायिकांसाठी नव्या एकल गाण्यांसह ६११. वरवर पाहिलं तर सुरुवातीचं पान सारखंच दिसतं. प्रत घेताना पहिलं पान पाहून थांबू नका. ‘एत एग्झुल्तावित’नंतर काय येतं ते बघा, आणि गाण्याची ओळ एकाच वृंदाची आहे ना ते मोजा.

तोडगा : म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायोलाची ओळ पूर्ण स्कोअरवरून नव्याने उतरवली (साडेचार तास), आणि सगळ्या प्रतींवर भागांना ‘क १’ ते ‘क ९’ अशी खूण करून प्रत्येक भागात १ पासून आकडे घातले. गायकांच्या २८ प्रती, प्रत्येकी ४० पानं पाठपोट : झेरॉक्स ४० रुपये आणि स्पायरल ३५, एकूण २,१०० रुपये. दुरुस्त शब्दांची सहा पानं पुन्हा छापायला १६८ रुपये.

३० जून

क १. संथ, सगळे आवाज एकत्र, खाली तंतुवाद्यांची सारखी धडधड. पाहताना हा भाग सोपा दिसतो, कारण चारही आवाज एकाच वेळी शब्द म्हणतात. आजचा पूर्ण सराव इथेच गेला.

अडचण अशी की स्वरसमूह अर्ध्या-अर्ध्या सुराने सरकतात आणि सा कुठे आहे हे कानाला ठरवता येत नाही. आपल्याकडे कान तयार होतो तो तंबोऱ्यावर, एक सा धरून. इथे प्रत्येक दोन मात्रांनी जमीन बदलते. सरगमवर बसवायचा प्रयत्न केला, पण प्रत्येक समूहात सा बदलत असल्याने कोमल कोणता आणि शुद्ध कोणता यावर वाद होऊन तासभर गेला. सरगम सोडली.

जे लागू पडलं ते असं. सगळ्या २४ जणांनी आधी फक्त बेसची ओळ गायली, सोप्रानोंनीही, आपापल्या सप्तकात. पाच वेळा. मग बेस एकटे गात असताना एकेक आवाज वर चढवला : आधी टेनर, मग आल्टो, शेवटी सोप्रानो. बेसची वाट पाठ झाली की वरच्यांना अर्धा सूर कुठून कुठे सरकतो ते आपोआप कळतं.

कीबोर्डशिवाय गाताना समूह स्वच्छ लागत होता, कीबोर्ड आला की घाण व्हायची. कारण साधं आहे. गायक शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या अंगाने लावतात, कीबोर्डचा गंधार त्याहून १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर असतो. वादकाला सांगितलं, लांब धरलेल्या मेजर समूहांत तिसरा सूर वाजवूच नका, फक्त मूळ सूर आणि पंचम. लगेच फरक. ही सूचना पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती.

लय : मिनिटाला ५२ मात्रा.

७ जुलै

क ३, ‘एत मिझेरिकोर्दिआ’. आवाज एकामागून एक शिरतात आणि लांब उड्या मारतात. उडीचा वरचा सूर सगळे ओढून घेत होते, म्हणजे मींड येत होती. सुगम संगीतात ती शोभा आहे, इथे ती पुढच्या आवाजाशी होणारी टक्कर बोथट करते. विवाल्दीने हे सूर मुद्दाम एकमेकांवर घासायला ठेवले आहेत. घासले तरच पुढे सुटताना ‘दया’ हा शब्द उमटतो. सराव : उडीचे दोन सूर मध्ये श्वासाएवढी फट ठेवून तोडून गायचे, दहा वेळा, मग फट काढून घ्यायची.

क २ मधली एकल गाणी तिघांना वाटून दिली. आल्टोच्या एकल ओळीनंतर ‘ओम्नेस जेनेराच़िओनेस’वर सगळा वृंद एकदम येतो. तिथे प्रत्येक जण अर्धी मात्रा उशिरा. कारण : सगळे एकल गाणं ऐकत बसतात. त्याआधीच्या मात्रागटावर लाल पेन्सिलने ‘श्वास’ लिहायला लावलं.

१४ जुलै

तारखेची मोठी चूक आज कुणीतरी दाखवून दिली. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला. म्हणजे ८ला संध्याकाळी दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन. रस्ते भरलेले, तंतुवादक मुंबईहून यायचे, आणि ढोल-ताशांच्या जवळ ‘सुशेपित इस्राएल’सारखा हळुवार भाग ऐकू येणार नाही. त्यातही आपलेच चार गायक शेजाऱ्यांच्या गणपतीला दरवर्षी हातभार लावतात. जूनमध्ये कॅलेंडर उघडून पाहिलं असतं तर हे टळलं असतं.

फादरांशी बोलून १ सप्टेंबर ठरवला : नोव्हेनाचा (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा) तिसरा दिवस, रविवार. एक आठवडा कमी झाला.

२१ जुलै

पाऊस. सराव रद्द. प्रत्येक आवाजाच्या ओळीचं रेकॉर्डिंग करून फोनवर पाठवलं. ३६ फायली, साधारण सहा तासांचं काम. हे पहिल्या आठवड्यात केलं असतं तर जून अर्धा वाचला असता.

रेकॉर्डिंग करताना लक्षात ठेवा : आपली ओळ डाव्या कानात मोठी, बाकी तीन उजव्या कानात हळू. नुसती एकच ओळ दिली तर माणूस ती पाठ करतो आणि इतरांसोबत उभा राहिला की हरवतो.

२८ जुलै

क ४, ‘फेचित पोतेन्च़िआम’. वेग मिनिटाला १३२, त्यापुढे शब्द जात नाहीत.

आज सापडलेली चूक आमच्याच कागदातली : ‘ब्राचिओ’. चर्चच्या लॅटिनमध्ये सी-एच म्हणजे क. ‘ब्राकिओ’. सहा आठवडे सगळ्यांनी घरी चुकीचं घोटलं होतं. आज दुरुस्त केलं तरी भर वेगात जुनंच तोंडी येत होतं. शेवटी त्या ओळीचे शब्द अर्ध्या वेगाने नुसते बोलून घेतले, टाळी देत, वीस वेळा. देवनागरी कागद छापण्याआधी लॅटिन वाचता येणाऱ्या एखाद्या धर्मगुरूकडून एकदा तपासून घ्या. आम्हाला हा सल्ला जूनमध्येच मिळाला होता, पण छापायची घाई केली.

‘दिस्पेर्सित’वर स आणि त झटकून म्हणायचे. अर्थ ‘उधळून लावले’ असा आहे, आणि तो व्यंजनांतूनच ऐकू येतो.

४ ऑगस्ट

क ५, ‘देपोसुइत’. हा भाग आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता, कारण सगळे आवाज आणि सगळी वाद्यं एकाच सुरात, पुरुष एक सप्तक खाली. एकसुरात गायची तर आपली सवय जन्माची. दहा मिनिटांत होईल असं गृहीत धरलं होतं.

दीड तास लागला, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्यावा लागणार. स्वरसमूहात एखाद्याचा सूर पाव इंच इकडेतिकडे झाला तर झाकतो. एकसुरात काहीच झाकत नाही. शिवाय व्हायोलिनही तीच ओळ वाजवणार, म्हणजे प्रत्येक खालावलेला सूर दुहेरी दिसणार. आजचे दोष : खाली उतरताना सूर प्रत्येक पायरीला थोडा जास्त उतरतो, आणि ‘एत एग्झाल्तावित’ला वर चढताना पुरेसा चढत नाही. शेवटी पाव सुराने खाली येऊन थांबलो.

उपाय : उतरतानाच्या पायऱ्या लहान आहेत असं मनात धरून गायचं. आधी फक्त चार आल्टो, मग त्यांच्यावर एकेक जोडी चढवायची. ज्याच्या येण्याने सूर ढळला त्याला नाव न घेता पुन्हा बाहेर काढून आत घ्यायचं. हे वेळखाऊ आहे, पण याला दुसरा रस्ता सापडला नाही. हा भाग पहिल्या महिन्यात सुरू करा.

११ ऑगस्ट

१५ ऑगस्टच्या स्वर्गोन्नयनाच्या मिस्साची गाणी बसवायची होती, म्हणून फक्त एक तास. क ६ ‘एज़ुरिएन्तेस’च्या दोन सोप्रानो आणि कीबोर्ड एवढेच थांबले. दोघींचे आवाज सारखे नसले तरी चालतात, पण श्वासाच्या जागा एक नसल्या पाहिजेत. एकीने घेतला की दुसरीने धरून ठेवायचं.

१८ ऑगस्ट

तंतुवाद्यांसोबत पहिली तालीम : व्हायोलिन २ आणि २, व्हायोला १, चेलो १. वेळ सकाळी ११ ठेवली होती. रविवारी पश्चिम रेल्वेवर जंबो ब्लॉक असतो हे विसरलो. व्हायोला पावणेदोनला पोहोचला. वादकांचं मानधन तासांवर नव्हे, दिवसावर असल्यामुळे पैसे वाढले नाहीत, पण तालीम अडीच तासांची उरली. पुढची तालीम संध्याकाळी साडेपाचला.

पट्टी : ‘ए’ सूर ४४० हर्ट्झ. बारोक (विवाल्दीच्या काळचं संगीत) म्हणजे ४१५ असा समज आहे, पण तेव्हाचा व्हेनिसचा सूर आजच्या ४४०च्या जवळचा होता. त्यामुळे पट्टी खाली घ्यायची गरज नाही आणि कीबोर्डवर ट्रान्सपोजही नको.

क ८, ‘सिकूत लोकूतुस’. सोप्रानो, आल्टो, बेस असे तीनच आवाज, वर दोन ओबो. ओबोंच्या ओळी दोन व्हायोलिनवादकांना दिल्या. स्वरांच्या कक्षेत त्या व्यवस्थित बसतात. पण पहिल्यांदा वाजवलं तेव्हा आवाज नेहमीच्या साथीत मिसळून गेला. दोघांना उभं करून वृंदाच्या समोर आणलं आणि धनुष्य घोडीच्या जवळ लावायला सांगितलं. आता ओळी वेगळ्या दिसतात. ओबोसारखं नाही, पण संवाद कळतो.

दमट हवेत तारा दर दोन भागांनंतर उतरत होत्या. पंखे बंद, खिडक्या बंद, आणि वाद्यं पेटीतून बाहेर काढून अर्धा तास आधीच हॉलमध्ये ठेवायची.

२५ ऑगस्ट

चर्चमध्ये तालीम. तीन गोष्टी बिघडल्या.

वीज क ७ सुरू असताना गेली. जनरेटर १२ सेकंदांनी सुरू झाला, तेव्हा कीबोर्ड पुन्हा सुरू होऊन ऑर्गनऐवजी पियानोच्या आवाजात आला. यूपीएस घेतला, ३,८०० रुपये. शिवाय ऑर्गनचा आवाज (फक्त आठ फुटी बासरीचा, म्हणजे लिहिलेल्याच उंचीचा, त्याहून वरचा काही नाही) सुरू होताच येईल असा साठवून ठेवला.

धूप. सायंप्रार्थनेत मॅग्निफिकॅटच्या वेळी वेदीला धूप दाखवतात. वेदीच्या उजवीकडे पहिल्या रांगेत उभ्या सोप्रानो क २ मध्येच खोकू लागल्या. वृंद डावीकडे, दाराच्या बाजूला हलवला, धूपदानात कोळसे दोनऐवजी एक.

उभं राहणं. या स्तोत्राला लोक उभे राहतात. रोजच्या चालीत तीन मिनिटं लागतात, इथे १६. फादरांशी ठरलं की क १ उभ्याने, मग बसायचं, ‘ग्लोरिआ पात्री’ला (क ९) पुन्हा उठायचं. ही सूचना पत्रिकेत ठळक छापली. पत्रिकेत डावीकडे लॅटिन, उजवीकडे मराठी, ‘माझा जीव प्रभूला थोर मानतो’पासून. लोकांना कुठे चाललं आहे ते कळलं नाही तर इतकी मेहनत कशासाठी?

क ९ : शेवटच्या ‘सेकुला सेकुलोरुम’मध्ये चारही आवाज एकमेकांना झाकत होते. मुख्य ओळ ज्याच्याकडे आहे त्याने ती पेन्सिलने अधोरेखित करायची, बाकीच्यांनी त्या काळात निम्म्या आवाजात. तीस मिनिटांत उलगडलं.

१ सप्टेंबर

सुरुवात ते शेवट १६ मिनिटं ४० सेकंद. क १ स्वच्छ लागलं, त्यातला शेवटचा त एकत्र पडला. क ४ मध्ये बेसकडून एकदा ‘ब्राचिओ’ आलं. क ५ शेवटी किंचित खाली, पण व्हायोलिनवादकांनी ते ओळखून शेवटचा सूर फार लांबवला नाही. क ८ मध्ये एक व्हायोलिन एक मात्रागट आधी शिरला, चेलोने धरून ठेवल्यामुळे दोन मात्रांत सावरला. वीज गेली नाही.

४ सप्टेंबर

हिशेब. प्रती २,२६८, यूपीएस ३,८००, तंतुवादक सहा जणांना दोन तालमींचे प्रत्येकी १,५०० प्रमाणे १८,००० आणि मुख्य दिवसाचे ३,००० प्रमाणे १८,०००, चहा-नाश्ता आणि चेलोसाठी रिक्षा २,६००. एकूण ४४,६६८ रुपये. कीबोर्ड, हॉल आणि गायकांचा वेळ यात धरलेला नाही.

टिंब घातलेला देवनागरी कागद, ‘ब्राकिओ’सह दुरुस्त केलेला, आणि व्हायोलाची नवी प्रत कपाटात लाल फाइलमध्ये आहे. पुढच्या गटाने क ५ आणि क १ पहिल्या दोन आठवड्यांत घ्यावेत. क ४ आणि क ६ नंतर घेतले तरी चालतात. आल्टोतून टेनरमध्ये गेलेल्या दोघींनी तिथेच राहायचं ठरवलं आहे, त्यांच्या प्रतींवर टेनरच्या ओळी एक सप्तक वरच्या किल्लीत छापायच्या राहिल्या आहेत.